जतन

पवननगरच्या कॅफेत पंख्याखालच्या दोन खुर्च्या.
गायधनी त्याच राक्षसाला
सत्तेचाळिसाव्यांदा मारतोय.
गुहा फक्त त्याची. तो बाहेर पडला की
मेलेले उठून आपापल्या जागी,
जणू कंपनीतली हजेरी.
तलवार मात्र दोन आकड्यांनी जड.

मी कुठेच पोचत नाही.
नदीकाठी झोपडी बांधली; कुणीतरी
दारात पाव ठेवून गेलं, नाव न सांगता.
परवा सातपूरला रात्रपाळी होती,
तेवढ्यात कुणी ती जाळली.

"पुन्हा सुरू कर ना," गायधनी म्हणाला.
तसं होत नाही रे इथे.
राख अजून आहे, आणि तिच्यावरून
लोकांनी पायवाट पाडलीय.

दीडला शटर पडलं.
त्र्यंबक नाक्यावर पिवळा दिवा लुकलुकत होता.
कोपऱ्यावरची टपरी उचललेली;
विटांचे चार ठसे.
मी नव्हतो तेव्हा कधीतरी.