देवाजीचा रिमोट

इतवारीत जिन्यावरचं दुकान, मे महिना,
कूलरमध्ये वाळा आहे, टाकीत पाणी नाही.
हातिमभाईच्या पोरानं काउंटरवर दोन खोकी उघडली:
एक पिस्तुलासारखं, त्याला चाक आणि घोडा,
दुसऱ्याला दोन दांड्या, छातीशी धरायचं.

"रेसच्या बोटीले चाकच घ्या काका,
सगळे चाकच घेऊन राहिले."

मी देवाजीकडे पाहिलं.
त्याचा उजवा हात खिशात होता,
रुमाल शोधत असल्यासारखा.

चाक उजव्या हातानं फिरवायचं असतं.

आमची जुनी पेटी सत्तावीस मेगाहर्ट्झची.
हातभर एरियल, आत नखाएवढा क्रिस्टल,
प्रत्येकाचा वेगळा पाहिजे,
म्हणून एरियलला रंगीत रिबिन बांधायची.
एका रविवारी फुटाळ्यावर
त्याचीही पिवळी, माझीही पिवळी.
माझी होडी डबड्याच्या बोयाला वळसा घेता घेता
अचानक त्याचं ऐकायला लागली.
"हे तुही आहे काय बे?" तो ओरडला,
आणि मुद्दाम तीन फेऱ्या मारल्या माझ्या होडीनं.
मी आपला दांड्या हलवत उभा,
घरातल्या म्हाताऱ्यासारखा.

"आता तसं होत नाही," पोरगा म्हणाला.
"दोन पॉइंट चार. एकदा बाइंड केलं
की रिसीव्हर दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही."
बटण दाबून धरलं. लाल दिवा फडफडला,
मग स्थिर झाला.
"लागलं लग्न," देवाजी म्हणाला.
"फक्त अँटेना पाण्याच्या वर ठेवा,
या लहरी पाण्यात जागच्या जागी मरतात."

मी अजनीला चौतीस वर्षं सिग्नलचा माणूस.
रंग, किंमत, वॉरंटी, काही विचारलं नाही.
विचारलं, "संपर्क तुटला तर काय करते?"
आमच्याकडे तार तुटली
की सिग्नलचा हात आपोआप आडवा होई,
वजनच तसं लावलेलं.
पहिल्या दिवशी मिस्त्रीनं तेवढंच शिकवलं होतं
आणि जेवायला पाठवलं होतं.

पोरानं रिमोट बंद केला.
टेबलावरच्या होडीचा पंखा थांबला,
सुकाणू मधोमध आलं.
"फेलसेफ."

जानेवारीत देवाजी गच्चीवर दोन तास पडून होता.
खिशात फोन वाजत होता.
फोन माझेच.

"काठाकडे ये, असं नाही सांगता येत तिले?"
त्यानं विचारलं.
"काठ कुठं आहे, तिले काय मालूम काका."
"हो," देवाजी म्हणाला. "तेही आहेच."

मग पोरगा दांड्यांच्या रिमोटच्या मेनूत शिरला.
"हे एक्स्पो. वाढवलं की मधला भाग
जरासा बहिरा होते.
बारीकसारीक हललं, तर सुकाणूले समजत नाही."
त्यानं हे कोणाकडेही न बघता सांगितलं.
बापाचंच पोर.

देवाजीनं खिशातून हात काढला,
अंगठा दांडीवर टेकवला.
"अजून."
वीस. पस्तीस.
"अजून थोडं."
पन्नासला अंगठा थरथरत होता
आणि सुकाणू नव्हतं थरथरत.
देवाजी सुकाणूकडे बघत राहिला
आणि मी कूलरकडे.

चार हजार आठशे सांगितले. मी चारशे पाडले,
चार सेल वरून घेतले.
खोकं त्यानं डाव्या बगलेत मारलं,
जिना उतरताना मला हात लावू दिला नाही.

खाली उन्हात रस्ता वितळत होता.
दुपट्टा डोक्याला गुंडाळता गुंडाळता तो थांबला
समोरच्या शिवणसामानाच्या दुकानापाशी.
"मीटरभर रिबिन दे रे बापू. पिवळी."
"आता काही गरज नाही बे तिची."
"मालूम आहे मले,"
देवाजी म्हणाला, आणि पैसे मला द्यायला लावले.