सत्तर पानांचा पुडा

बोरटोल्याला एसटी जात नाही.
फाट्यावर उतरले तर लंकेश सयाम
बापाची लुना घेऊन उभा, वय तेरा.
आठ जुने लॅपटॉप गोणपाटात,
पिशवीत वायरी, सेल, गव्हाएवढे दिवे.
'हळू चालव रे, यात काच आहे.'
'मागच्या खेपेला अंडे आणले होते जी,' तो म्हणाला,
'एकच फुटलं.'

शाळेच्या व्हरांड्यात फलक:
उन्हाळी सर्जनशील तंत्रज्ञन शिबिर.
गोंदियाच्या छापखान्यानं काना खाल्लेला.
दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो कोळशानं काढून ठेवला होता,
शेजारच्या अक्षरांपेक्षा जरा उंच.

सकाळी आठला एकही मूल नाही.
नऊला नाही.
शिपाई म्हणाला, मॅडमजी, पत्ता सुरू आहे,
जंगलातून येतील तवा येतील.
साडेअकराला आली, ओल्या केसांची,
बोटं काळपट हिरवी,
कीबोर्डवर ठसे उमटले ते अजून निघालेले नाहीत.
मीही फार घासले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही दिवा लावला.
सेल, वायर, दिवा, बस.
हितेंद्र शेंडे वर्गाचं दार लावून
त्या एका ठिपक्याकडे इतका वेळ बघत बसला
की बाहेरून पोरांनी दार बडवलं.

चौथ्या दिवशी 'पुन्हा करा'.
पडद्यावर पिवळं मांजर दहा पावलं चाललं.
मी समजावून सांगत होते,
की तेच काम परत परत करायचं असेल तर,
आणि यामिनी पुराम मध्येच बोलली,
'हे त मी सकाळीच करून आली जी.
सत्तर पानं. वाकानं बांधलं. एक पुडा.
मंग पुन्हा सत्तर.'
तिनं दहा खोडून सत्तर लिहिलं.
मांजर पडद्याबाहेर निघून गेलं.
तिनं मांजर काढलं, पान आणलं.

'जर' शिकवायला मी छत्री आणली होती.
ती पिशवीतच राहिली.
जर पानाला भोक असेल, तर फेक.
जर पान कवळं असेल, तर फेक.
जर आई पाहत नसेल, तर ठेव.
सगळा वर्ग हसला. मला हसू यायला वेळ लागला.

मग लाइन गेली. कूलर थांबला.
बॅटरीवर चाळीस मिनिटं,
एका लॅपटॉपभोवती पाच डोकी,
घामाचा आणि मोहाच्या फुलांचा वास.

'व्हेरिएबल म्हणजे डबा,' मी म्हटलं,
'त्याला नाव द्यायचं, आत आकडा ठेवायचा.'
यामिनीनं एका डब्याला नाव दिलं आई: रोजचे एकशेवीस.
दुसऱ्याला मी: तीस.
मग थांबली.
'फळीवर शंभरामागं पाच पुडे वरचे घेते.
लिहत नाई कुठं.
ते कोणत्या डब्यात टाकू?'

माझ्या पुस्तिकेत सोळा सराव होते.
त्यात हे नव्हतं.
'नाव दे,' मी म्हटलं, 'कुठलंही.'
तिनं एकेक अक्षर शोधत टाइप केलं:
मुन्शी.

शेवटच्या दिवशी गाव आलं बघायला.
लंकेशचं पाणी मोजायचं यंत्र चाललं नाही,
त्यानं त्यावर लिहून टाकलं, 'टाकी रिकामी आहे'.
ते खरं होतं.
सरपंचबाई दिव्यांच्या झाडापाशी रेंगाळल्या.
फळीवरचा मुन्शीही आला, गमछ्यानं मान पुसत,
गार पाण्याचे दोन पेले पिऊन
यामिनीच्या पडद्यापुढे वाकला.
पानं पडत होती, पुडे बांधले जात होते,
हंगामाचे बारा दिवस मिनिटभरात.
कोपऱ्यात तीन आकडे वाढत होते.

'हे काय लिवलं पोरी?'
'डबा आहे जी,' ती म्हणाली. 'आपोआप भरते.'

तो हसला.
मग आकडा नव्वदवर थांबला,
तिनं पुन्हा सुरुवातीचं बटण दाबलं,
आणि तो उभाच होता,
पेला हातात.