कात्री लावण्याआधी

त्रिशला, परवा माप देताना
तू आरशात जरा जास्तच वेळ पाहिलंस
आणि अस्तराचा भाव विचारावा तसं विचारलंस,
"आक्का, तुम्ही बेळगावात करून घेतलंत म्हणे?"
दुकानात गिऱ्हाइकं. माझ्या तोंडात टाचण्या.
आता सांगते.

घेतलं करून. भिशीचे पैसे, माझे.
विम्याचा माणूस म्हणाला, हे आजारात बसत नाही.
नवऱ्याला सांगितलं, विचारलं नाही.
दोन दिवस गप्प बसला,
तिसऱ्या दिवशी बसची वेळ बघून आला.

हुक्केरी डॉक्टरबाईंनी आधी माप घेतलं नाही,
तंबाखूचं विचारलं.
ओढत नाही, खात नाही, मी म्हटलं.
"मिश्री?"
मी निपाणीची. आईची हयात वखारीत पाला चाळण्यात गेली.
मिश्री लावल्याशिवाय मला सकाळ होत नाही.
"सहा आठवडे बंद. नाहीतर टाका धरणार नाही,
कडेची कातडी काळी पडेल."
खरं सांगू, ऑपरेशनपेक्षा ते दिवस जड गेले.
मशीनवर बसलं की हिरड्या मागायच्या.

मग, अजून मूल हवंय का?
तुला विचारतील तेव्हा घाईनं नाही म्हणू नकोस.
दिवस गेले की सगळं पुन्हा सैल पडतं,
आणि दूध उतरेलच, असं
कुणी लिहून देत नाही.
वजन उतरवायचं असेल तर आधी उतरव.
मागून बारीक झालीस तर फिटिंग कुणाकडे मागशील?
गाठीबिठीचा फोटो काढतात, तो चुकवू नको.

फॉर्म कन्नडात आणि इंग्रजीत. सही करा म्हणाले.
गिऱ्हाइकाचं म्हणणं दोनदा ऐकल्याशिवाय
मी मीटरभर कापडालाही कात्री लावत नाही, म्हटलं.
सिस्टर दाक्षायणी शेजारी बसली,
ओळीवर बोट ठेवून सांगत गेली.
मध्येच म्हणाली, होलिगे.
मला ऐकू आलं होळिगे, पुरणाची.
ती हसली, हवेत सुई ओढून दाखवली. टाके.

टाके कुठं, ते ऐक.
बोंडाभोवती गोल, तिथून सरळ खाली,
मग खालच्या घडीत आडवे.
वर्षभर तांबडे, पुढं फिके. जात नाहीत.
ब्लाऊजची उलटी बाजू आपण आत लपवतो;
इथं उलटी-सुलटी एकच.

खुणा उभं करूनच करतात. बरोबर आहे,
आडवं पडलं की कापड खोटं बोलतं.
त्यांचं पेन निळं, माझा खडू पांढरा,
आणि आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलाच्या त्या बाजूला.
"दोन्ही अगदी सारखे होत नाहीत हं."
मला सांगता, बाई?
वीस वर्षं माझ्या वहीत प्रत्येकीचं
डावं-उजवं वेगळं लिहिलेलं आहे.
कुणाला दाखवत नाही.

भूल उतरताना दाक्षायणी विचारत होती, "नोवु ऐतेन?"
दुखत होतं. पण जिथं कळायला हवं
तिथं काहीच कळत नव्हतं.
उजवीकडे पाचव्या महिन्यात कळलं, साबण लावताना.
डावीकडची अजून वाट बघते. नसेलही यायचं.
हे सांगितलं होतं मला, सही आहे माझी त्यावर.
तरी.

येताना उशी छातीशी धर,
हत्तरगीच्या पुढं बस फार उसळते.
हात वर जात नाहीत कित्येक दिवस,
वरच्या फळीवरची रिळं आधीच खाली काढून ठेव की.
माझी वेणी लेकीनं घातली, वाकडी. तशीच फिरले.

आणि हे जन्माचं नव्हे.
जमीन ओढायची थांबत नाही,
दहा वर्षांनी पुन्हा आपण आणि आरसा.
मग कशाला, म्हणशील.
माझं उत्तर रोज बदलतं.
आज एवढंच की दुसऱ्यांचे टक्स घालून घालून
मला एकदा स्वतःचं माप घ्यायचं होतं.

रविवारी दुपारी ये. गिऱ्हाईक नसतं.
शटर अर्धं ओढते आणि दाखवते.
नीट बघ.
डावीकडचं पण.