पेन्सिलीतलं कार्ड

शिकागोच्या एका शाखा-वाचनालयात
वाफेच्या रेडिएटरला लागून माझं टेबल,
टेबलावर फोन
आणि फोनच्या पलीकडे अख्खं शहर, पैजा लावून बसलेलं.

"बाई, आपल्या गावाला वाऱ्याचं शहर का म्हणतात?
मी म्हणतो तळ्यावरचा वारा,
मेहुणा म्हणतो पुढाऱ्यांची तोंडं. दहा डॉलर लागलेत."
मी खण ओढते. दोघंही थोडे थोडे बरोबर, सांगते.
शेजारच्या शहरांनी टोमणा मारला
आणि आपण तो टोपीसारखा डोक्यावर घातला.
"म्हणजे पैसे कोणाचे?"
ते कार्डावर नसतं.

एकोणीस वर्षं हेच.
डॉलरला बक का? हरणाच्या कातड्यांवर सौदे व्हायचे, तेव्हाचं असावं.
ओके कुठून आलं?
बॉस्टनच्या वर्तमानपत्रातली थट्टा, मुद्दाम चुकवलेलं शुद्धलेखन.
तिच्या बरोबरीच्या बाकी थट्टा मेल्या,
ही जगली, आता सर्जनसुद्धा हीच म्हणून हातमोजे काढतो.
माझी आजी पोलंडहून आली तेव्हा
तिला एवढा एकच शब्द येत होता.
त्यावर तिने कत्तलखान्यात एकतीस वर्षं काढली.

नियम साधा आहे: छापील कागद हवा, तारीख हवी.
सांगोवांगी चालत नाही.

फेब्रुवारीत, बंद करायच्या वेळेला, फोन.
म्हातारा आवाज, दक्षिणेकडचा,
प्रत्येक शब्दाला बसायला खुर्ची देणारा.
अल्सीद मेटोयेर. वय ब्याऐंशी. मुक्काम सेहेचाळिसावा रस्ता.
"न्यूयॉर्कला मोठं सफरचंद का म्हणतात,
काय लिहिलंय तुमच्याकडे?"

मी वाचलं: रेसच्या बातम्या देणारा एक वार्ताहर,
एकोणीसशे वीसच्या सुमारास.
न्यू ऑर्लिन्सच्या तबेल्यात दोन काळे मोतद्दार बोलत होते,
त्यांच्याकडून ऐकलं, असं तो स्वतःच सांगतो.

"मोतद्दारांची नावं?"
नाहीत.
"वार्ताहराचं?"
आहे.

तो हसला. हसण्यातून खोकला निघाला, बराच वेळ.

"मी आठ वर्षांचा होतो, बाई. पाण्याच्या बादल्या माझ्याकडे.
मामा खरारा करायचा, काकवीच्या रंगाची घोडी होती.
सफरचंदच का, ते घोड्याला विचारा.
आमच्याकडची मैदानं म्हणजे वाळकं गवत.
खरं बक्षीस तिकडे, उत्तरेला.
मामा तिच्या कानात म्हणायचा, यंदा मोठ्या सफरचंदाकडे.
गेले नाहीत. नोव्हेंबरात घोडीचा पाय मोडला."

कागद आहे काही? तारीख?

"घोडी होती साक्षीला. मेली."

मी फोन धरून बसले, तोही.
खिडकीवर वारा धडकत होता,
तळ्यावरचा, पुढाऱ्यांचा नव्हे.

तो वार्ताहर आला तेव्हा तुमचे मामा तिथे होते?

"कोण सांगणार? वर्तमानपत्र आमच्याकडे यायचं
बादलीखाली घालायला.
मी म्हणत नाही तो मामाच.
म्हणतो एवढंच, की छापखान्यात वाळण्याआधी
तो कुणाच्या तरी तोंडात ओला होता."

ओके, मी म्हटलं.
दुसरं काही सुचलं नाही.

दिवे घालवून झाले होते. एक परत लावला.
कोरं कार्ड घेतलं, आणि पेन्सिल,
कारण शाई पुराव्यासाठी असते.
सफरचंद, मोठं.
काळ: घोडीचा पाय मोडण्याआधी.
पहिल्यांदा कोण म्हणालं, तिथे आले
आणि लक्षात आलं, मामाचं नाव
मी विचारलंच नाही.

लिहिलं: अल्सीद मेटोयेरचा मामा.
पुढे दोन बोटं जागा सोडली,
त्याने पुन्हा फोन केला तर.
खण ढकलला. नेहमी अडतो
तिथेच अडला.