उसना उजेड

मगदूम सर कोळसा घरीच करतात.
तासगावला मेहुण्याच्या बागेत छाटणी झाली
की द्राक्षकाड्यांची मोळी येते एसटीनं.
सर एकेक काडी पेन्सिलीएवढी तोडतात,
तुपाच्या जुन्या डब्यात दाटीवाटीनं उभी करतात,
झाकणाला खिळ्यानं एकच भोक,
आणि डबा चुलीत.
भोकातला धूर थांबला की झालं.
"मधेच उघडलं तर नुसती राख," सर म्हणतात,
"हवा लागू द्यायची नाही."

हवेचं मला सांगू नका.
मिरजेत एकोणीस वर्षं एक्स-रे काढतेय.
श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका. सोडा.
माझ्याकडे पांढरं म्हणजे हाड,
काळं म्हणजे हवा,
आणि हवेच्या जागी पांढरं दिसलं
तर डॉक्टरांना फोन.
किरण आरपार जातात.
कुठल्या खिडकीतून आलात,
असं त्यांना कुणी विचारत नाही.

शनिवारी साडेचार, सांगली, गावभाग, सरांची माडी.
पश्चिमेच्या खिडकीशी टेबल, त्यावर
सतारीसाठी आणलेला पण तडा गेला म्हणून टाकलेला भोपळा,
स्टीलचा पेला,
दोन हळकुंडं.
मी भोपळ्याभोवती गच्च काळी रेघ फिरवली.
सर बराच वेळ बघत राहिले.
"बाई, हा तुम्ही आतून काढलाय.
ह्याचं तोंड खिडकीकडं आहे का भिंतीकडं?"

मग डोळे बारीक करायला शिकले,
मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना
धुरळ्यात करतात तसे.
आधी पेला हरवला. मग तडा.
उरला एक उजेडाचा डोंगर
आणि त्याला टेकून बसलेला काळोख.
पण कड काही जमेना.
"सगळ्यात काळं कडेला नसतं," सर म्हणायचे,
"कडेच्या अलीकडं असतं.
कडेला टेबल थोडा उजेड परत देतं. उसना."
मला दिसायचा नाही.
मी कडेपर्यंत काळं दाबत न्यायची
आणि काडी मोडायची.

तीन शनिवार गेले.
चौथ्या शनिवारी सकाळी मौलासाहेब नदाफ आले,
जन्मभर भोपळे तासून छाती भरलेले.
सदरा काढून पाठमोरे उभे केले,
हनुवटी वर, खांदे पुढं.
यंत्राचा दिवा लावला.
पाठीवर पिवळा चौकोन, मधे काळी फुली.
एकोणीस वर्षं मी फक्त ती फुली बघत आले.
शिशाच्या काचेआड जाऊन म्हटलं, श्वास घ्या, रोखून धरा,
आणि तेवढ्यात दिसलं:
खांद्याच्या फऱ्याखाली सावली,
बरगडीवर ती दाट होत गेलेली,
आणि अगदी शेवटी, काखेजवळ,
समोरच्या पांढऱ्या पाटीवरून परतलेला
नखभर उजेड.

किती वेळ गेला कोण जाणे.
म्हातारा थांबून होता.
"सोडा" म्हणायचं राहूनच गेलं होतं.

संध्याकाळी शिळ्या पावाचा गर मळून
भोपळ्याच्या कडेला हलका टेकवला, उचलला.
पुन्हा टेकवला.
भोपळा कागदावर वळला.
सर काही बोलले नाहीत.
खिडकीत वाळत घातलेला पंचा तेवढा काढून घेतला.
सगळ्यात उजळ ठिपका, पोटावरचा,
मी काढलेलाच नाही.
तिथं हात लावला नाही, इतकंच.

सोमवारी नदाफ फिल्म न्यायला आले.
पिशवीच्या बंदावरचा कोळसा बोटाला लागलेला,
बोटाचा पाकिटाला.
त्यांच्या नावाशेजारी
माझा आख्खा अंगठा.
त्यांनी फिल्म खिडकीकडं धरली, उलटी,
डावीकडचं काळीज उजवीकडं.
मग पाकिटाकडं बघून विचारलं,
"हे काय लागलंय, बाई?"

द्राक्षं, म्हटलं.