चार नंबरची वही

पत्र आलं तेव्हा तेल्लेर्वो कागद जोखत होती,
म्हणजे अंगठा आणि तर्जनीत धरून, डोळे मिटून.
"ऐंशी ग्रॅम. छे, ब्याऐंशी. वरच्या पेटीत पाणी कमी पडतंय."
मग काटा तिच्या शब्दाला जागून
ब्याऐंशीवरच थांबायचा.

हेलसिंकीहून आलेला तो मुलगा, यार्को,
बूट न झटकताच लॅबमध्ये शिरला होता.
पायांभोवती बर्फाचं पाणी साचत गेलं
आणि 'पुनर्रचना' हा शब्द तो
गरम घास तोंडात धरल्यासारखा बोलला.
तिनं पाकीट घेतलं,
कोपऱ्यातलं फडकं पायानं त्याच्याकडे सरकवलं.
"घसरशील," म्हणाली.
एवढंच.

मला राग आला. तिचाच.
सव्वीस वर्षं, आणि एवढंच?
माझं नाव यादीत नव्हतं.
ज्याचं नाव यादीत नसतं
त्याला रागवायला भरपूर सवड असते.

उरलेले सहा आठवडे
ती पाळी संपल्यावर अर्धा तास मागे बसायची,
निळ्या वहीत काहीतरी लिहीत.
मला वाटलं, तक्रार. वाटलं, वकिलासाठी.
मनातल्या मनात मी साक्षसुद्धा देऊन आलो,
टाय लावून.

शेवटच्या दिवशी तिनंच पुल्ला भाजून आणला.
खरं तर तो आम्ही आणायचा, आमच्या लक्षात नव्हतं.
वेलदोड्याचा वास गिरणीच्या गंधकाला
दहा मिनिटं पुरून उरला.
यार्कोसाठी एक तुकडा तिनं कागदात गुंडाळून ठेवला,
चांगल्या, एकशेवीस ग्रॅमच्या कागदात.
किल्ली टेबलावर ठेवली, दात भिंतीकडे,
जशी रोज ठेवायची.
मग गुडघ्यांवर तळवे टेकून म्हणाली, "नो नीन."

हे आमच्याकडे कशालाही चालतं.
पाहुणा उठताना, सूप वाढून झाल्यावर,
शवपेटी खाली सोडून दोर वर ओढतानाही.
चला, असा अर्थ.
कुठे, ते त्यात येत नाही.

तीन वाजताच अंधार पडला होता.
थंडी जरा उतरलेली, बर्फ चिकट.
मी खिडकीतून पाहिलं, ती पायानं रेटायच्या स्लेजवरून निघाली,
कोटाला लटकणारा रिफ्लेक्टर लुकलुकत होता.
सालींच्या ढिगापाशी, दिव्याखाली, थांबली.
काही पडलं असेल, वाटलं.
ती वाकली. बर्फाचा गोळा केला,
नीट, दोन्ही हातांनी, जोखूनबिखून,
आणि मशीनच्या भिंतीवर हाणला.
मग दुसरा.
मी मोजले, अकरा.
भिंतीला काही झालं नाही.
तिनं हातमोजे झटकले, टोपी सारखी केली
आणि पुलापर्यंत तो ठिपका जात राहिला.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

फेब्रुवारीत एका रात्री चार नंबरवर कागद तुटला,
पुन्हा तुटला, तिसऱ्यांदा तुटला,
तेव्हा मी ती वही उघडली.

*तिसरी झडप खोटं बोलते. ऐकून घ्या, मानू नका.
बदलूही नका, नवी याहून खोटी निघेल.*

*तळ्यावरून वारा आला की
ओलावा अर्धा टक्का जास्त धरा.*

*पासी पहाटे चारनंतर आकडे अंदाजाने भरतो.
त्याला बोलू नका. घरी तान्हं मूल आहे.
मी पुन्हा मोजून घेत असे.*

पासी म्हणजे मी.

मशीन ओरडत होती. घड्याळात सव्वाचार.
मी एक कागद फाडून घेतला,
अंगठा आणि तर्जनीत धरला, डोळे मिटले.
"एकोणऐंशी," म्हणालो, मोठ्यानं.
काटा पंच्याऐंशीवर जाऊन थांबला.

नो नीन.
दुसरा घेतला.