गुठळी

हेर्म्सडोर्फच्या कारखान्यात पहाटे चारला
नळी पुन्हा उभी चिरली.
साच्यातून लोण्यासारखी आली होती,
फळीवर टेकली,
आणि एका टोकापासून केसाएवढी रेघ
चालत गेली.

यान्निक म्हणाला, दाब वाढवू या.
हाइड्रून काही बोलली नाही.
तिनं चिरेच्या मुळाशी नख घातलं,
मोहरीएवढा कण उकरून काढला,
बोटांत चिरडला.
आत कोरडं पीठ.
तीन दिवस पाण्यात राहून
आत कोरडं.

"पाण्यात पावडर घालायची, पावडरीत पाणी नाही.
आईनं शिकवलं नाही? रव्याची खीर तरी?"
यान्निकची आई खीर डब्यातली आणते.
ते त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या रात्री नवा घाणा.
आधी पाणी. त्यात थेंब थेंब ते पिवळट औषध,
ज्याचं नाव पिंपावर दीड ओळ लांब आहे.
कमी पडलं तर कण एकमेकांना बिलगतात,
जास्त झालं तरी बिलगतात.
का, ते तिच्या वहीत आहे,
पण ते अक्षर फक्त तिलाच लागतं.

मग अ‍ॅल्युमिना, मूठ मूठ, पाखडल्यासारखी.
चिखल घट्ट होत गेला, पातं अडलं,
मोटर कण्हू लागली.
यान्निकचा हात पाण्याच्या नळाकडे गेला.
"थांब."
आणखी चार थेंब औषध.
आणि पाण्याचा थेंबही न वाढवता
तो चिखल सैल झाला,
दुधासारखा फिरू लागला.

"आता सगळ्यांवर एकच भार आहे," ती म्हणाली,
"म्हणून कुणी कुणाच्या अंगावर येत नाही."
मग पातं पुसता पुसता, उगाच:
"फोल्कमार हल्ली वरच्या मजल्यावर राहतो.
पूर्वीपेक्षा बरं चाललंय."

पहाटेपर्यंत गोळ्यांची चक्की गडगडत राहिली.
मग सेल्युलोजचा डिंक, मग मळणं,
मग पंपानं हवेचा शेवटचा बुडबुडा ओढून घेणं.
साच्यातून नळी निघाली,
हाताएवढी, मग माणसाएवढी.
यान्निकनं टाळी वाजवायला हात उचलले.
हाइड्रूननं नळीवर ओलं फडकं टाकलं.
"वाळेपर्यंत बोलू नये."

सकाळी घरी जाऊन त्यानं दूध तापवलं,
रवा चिमटी चिमटीनं सोडला,
न थांबता ढवळत राहिला.
तरी एक गुठळी राहिलीच.
ती त्यानं चमच्यावर घेऊन
खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहिली,
आणि खाल्ली.